मोहाची भट्टी : परवानगी कुणाला, धोका कुणाला?

गोव्यात काजूच्या भट्ट्या पेटलेल्या असतात, त्याच सुमारास सातपुड्याच्या दक्षिण उतारावर मोहाची फुले गळू लागतात. मार्च-एप्रिलच्या पहाटे झाडाखालची जमीन झाडून घेतलेली असते आणि बायका-मुले टोपल्या भरून फुले वेचतात. मध्यप्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर हा मराठीभाषक मुलूख संत्र्यांसाठी आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीसाठी ओळखला जातो. त्याच्या डोंगराळ पट्ट्यात मोहाचे झाड मात्र वर्षभराचा आधार असते. फुले वाळवून खातात, विकतात, बियांचे तेल काढतात. काही फुले भट्टीवरही चढतात. ही भट्टी कायदेशीर की बेकायदा, या प्रश्नाला तेथे एका शब्दात उत्तर देता येत नाही.

कायदा नागपूरच्या काळातला

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मद्यनिर्मिती, विक्री आणि त्यावरील अबकारी कर हे विषय राज्यांकडे आहेत. त्यामुळे घरी दारू गाळण्याविषयी संपूर्ण देशाला लागू पडणारा एकच नियम नाही. पांढुर्णा आणि सौंसरला लागू असलेला मध्यप्रदेश अबकारी अधिनियम १९१५ सालचा आहे. नागपूर ज्या मध्य प्रांताची राजधानी होते, त्या प्रांतासाठी तो झाला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि हे दोन तालुके छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्यप्रदेशात राहिले. पुढे २०२३ मध्ये त्यांचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला.

या अधिनियमाचे मूळ सूत्र सरळ आहे : परवान्याविना मद्य तयार करणे, बाळगणे, वाहून नेणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. कलम ३४ मध्ये शिक्षा सांगितली आहे. मद्याचे प्रमाण ५० लिटरच्या वर गेले की किमान एक वर्ष आणि कमाल तीन वर्षे कारावास, शिवाय २५ हजार ते एक लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. वाहतुकीत पकडलेले वाहनही सरकारजमा होऊ शकते. ‘घरच्यासाठीच काढली होती’ हा सर्वसाधारण नागरिकाचा बचाव येथे चालत नाही. गाळलेली दारू कुणी प्यायली यापेक्षा ती परवान्याविना गाळली गेली, हेच कायद्याच्या लेखी महत्त्वाचे असते.

एकाच तालुक्यात दोन नियम

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. अनुसूचित क्षेत्रात राहणाऱ्या अनुसूचित जमातींच्या सदस्यांना घरगुती वापरासाठी आणि धार्मिक व सामाजिक प्रसंगांसाठी, ठरवून दिलेल्या मर्यादेत, पारंपरिक पद्धतीने मोहाची दारू गाळण्याची मुभा आहे. गोंड समाजात जन्म, लग्न, मृत्यू आणि देवपूजा अशा प्रसंगी मोहाच्या दारूला स्थान आहे. ही सवलत त्या रूढीला दिलेली मान्यता आहे, व्यापाराला नव्हे. गाळलेली बाटली विकली की सवलत संपते.

पांढुर्णा आणि सौंसर येथील गुंतागुंत इथूनच सुरू होते. हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येत नाहीत, त्यांचे काही भागच त्यात मोडतात. त्यामुळे एकाच तालुक्यातील दोन गावांत, एकाच पद्धतीने, एकाच झाडाच्या फुलांपासून काढलेली दारू एकीकडे रूढी ठरते आणि दुसरीकडे गुन्हा. एकाच गावातही अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला असलेली मुभा शेजारच्या बिगर-आदिवासी कुटुंबाला नसते. भट्टी कायदेशीर आहे का, हे ठरवताना चार गोष्टी पाहाव्या लागतात : गाव कोणत्या क्षेत्रात आहे, गाळणारा कोण आहे, दारू किती आहे आणि ती कशासाठी आहे.

पाचवी गोष्ट राज्यसीमेची. सौंसरहून सावनेर आणि पांढुर्ण्याहून नरखेड किंवा वरूड फार दूर नाही. सोयरिकी दोन्ही बाजूंना आहेत. मध्यप्रदेशातील सवलत मात्र सीमेवरच थांबते. पलीकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू होतो. लग्नघरी नेलेला डबा सीमा ओलांडताच वेगळ्या कायद्याखाली जातो.

ग्रामसभेलाही या विषयात अधिकार आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांत मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी किंवा नियंत्रण आणण्याची सत्ता योग्य स्तरावरील पंचायतींना आणि ग्रामसभेला दिली. मध्यप्रदेशने त्याचे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये लागू केले. म्हणजे सवलत असलेल्या गावातही ग्रामसभा अधिक कडक भूमिका घेऊ शकते.

परवाना घेऊन मोहाची दारू

पूर्वी मोहाची दारू विक्रीसाठी गाळण्याचा राजमार्ग उपलब्ध नव्हता. नोव्हेंबर २०२१ मध्ये मोहाच्या दारूला ‘हेरिटेज मद्य’ म्हणून मान्यता देण्याची घोषणा मध्यप्रदेश सरकारने केली आणि नंतर त्याचे धोरण आखले. आदिवासी स्वयंसाहाय्य गटांना परवाना देऊन अलीराजपूर आणि दिंडोरी या जिल्ह्यांत उत्पादन सुरू झाले. अलीराजपूरची ‘मोंड’ आणि दिंडोरीची ‘मोहुलो’ ही त्यांची नावे.

गोमंतकीय वाचकाला ही वाट ओळखीची वाटेल. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये राज्याने तिला वारशाचे पेय म्हणून मान दिला. मात्र गोव्यातही काजूची भट्टी कुणीही, कुठेही लावू शकत नाही, तिला अबकारी खात्याचा परवाना लागतोच. फरक असा की गोव्यातील भट्टीवाल्याला परवान्याची वाट पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मोहाच्या बाबतीत ती वाट आता कुठे तयार होत आहे.

विष येते कुठून?

कायद्याची मुभा म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. आंबवलेल्या मोहफुलांच्या सडव्यात, ज्याला मध्यप्रदेशात लाहान म्हणतात, प्रामुख्याने इथेनॉल तयार होते. मिथेनॉल, म्हणजे मिथिल अल्कोहोल, अल्प प्रमाणातच असते. इथेनॉल सुमारे ७८ अंश सेल्सियसला उकळते, तर मिथेनॉल सुमारे ६५ अंशांना. म्हणून पहिली धार टाकून देण्याची जुनी पद्धत आहे. ती चांगली असली तरी पुरेशी नाही, कारण साध्या भट्टीत हे दोन द्रव एकमेकांपासून पूर्ण वेगळे होत नाहीत.

मोठ्या विषबाधांचे मूळ मात्र बहुधा फुलांत नसते. कमी खर्चात जास्त नशा देण्यासाठी औद्योगिक मिथेनॉल किंवा स्पिरिट मिसळले जाते, तेथे ते असते. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणीत शंभराहून अधिक लोकांचा जीव गेला, तो मिथेनॉलमुळेच. मध्यप्रदेशात ऑक्टोबर २०२० मध्ये उज्जैन, जानेवारी २०२१ मध्ये मुरैना आणि जुलै २०२१ मध्ये मंदसौर येथे विषारी दारूने बळी घेतले. त्यानंतर ऑगस्ट २०२१ मध्ये विधानसभेने अबकारी अधिनियमात दुरुस्ती केली आणि विषारी दारूने मृत्यू झाल्यास जन्मठेपेची, वारंवार गुन्हा करणाऱ्यास फाशीपर्यंतच्या शिक्षेची तरतूद केली.

दारू ‘चांगली’ आहे की नाही, हे ओळखण्याच्या गावठी कसोट्या फसव्या आहेत. काडी लावल्यावर निळी ज्योत दिसली की दारू शुद्ध, असे मानले जाते. पण मिथेनॉलची ज्योतही फिकट निळीच असते. वासावरून वा चवीवरूनही ते ओळखता येत नाही.

भट्टीचे सामानही घातक ठरू शकते. वाफ थंड करण्यासाठी वाहनाचा जुना रेडिएटर वापरला तर त्याच्या जोडातील शिसे दारूत उतरते. नवसागर किंवा युरिया घातल्याने दारू ‘कडक’ होते, असा समज आहे. प्रत्यक्षात त्याने केवळ अपाय वाढतो. वाफेची नळी तुंबली तर भांडे फुटू शकते आणि बाहेर पडलेली अल्कोहोलची वाफ चुलीच्या जाळावर क्षणात पेट घेते.

लक्षणे दिसली तर

मिथेनॉलची बाधा लगेच कळत नाही, हाच तिचा सर्वांत मोठा दगा. सुरुवातीला ती साध्या नशेसारखीच वाटते. बारा ते चोवीस तासांनंतर, एवढ्या अवधीत यकृत मिथेनॉलचे फॉर्मिक आम्लात रूपांतर करीत असताना, डोकेदुखी, उलट्या, पोटदुखी, धाप आणि डोळ्यांपुढे धुके किंवा बर्फ दिसल्यासारखी अंधुकता सुरू होते. दोन-तीन चहाच्या चमच्यांइतके शुद्ध मिथेनॉलही दृष्टी कायमची घालवू शकते, त्याहून थोडे अधिक जीवही घेऊ शकते.

अशा वेळी ‘उतरेल झोपल्यावर’ म्हणून थांबणे प्राणघातक ठरते. लिंबू, ताक किंवा मीठपाण्याने हे विष उतरत नाही. रुग्णाला तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. तेथे उतारा म्हणून फोमेपिझोल किंवा वैद्यकीय देखरेखीखाली इथेनॉल देता येते आणि गरज पडल्यास डायलिसिसने विष काढता येते. ज्यांनी तीच दारू प्यायली, त्या सर्वांना लक्षणे नसली तरी तपासून घ्यावे आणि डॉक्टरांना दारू प्यायल्याचे स्पष्ट सांगावे. पोलिसांच्या भीतीने हे लपवले की उपचाराला उशीर होतो.

पांढुर्णा-सौंसरच्या मोहाच्या भट्टीत दोन प्रश्न नेहमी एकमेकांत मिसळले जातात. देवाला चढवण्यासाठी स्वतःच्या घरात गाळलेली बाटली आणि स्पिरिट मिसळून विकलेली पिशवी यांना एकाच तराजूत तोलले, तर वेचणाऱ्या गरीब बाईवर खटला भरला जातो आणि विष विकणारा मोकळा राहतो. उलट, परंपरेच्या नावाखाली दोन्हींकडे काणाडोळा केला तर जीव जातात. हा फरक राखायचा असेल, तर आपले गाव कोणत्या क्षेत्रात येते आणि मुभा कुठे संपते, हे भट्टी पेटण्याआधी प्रत्येक घराला माहीत असले पाहिजे.