भाड्याचे माप कोणाच्या हाती?

भाड्याची गाडी ही बाजारातील इतर वस्तूंसारखी नाही. कापड घ्यावयास आलेले गिऱ्हाईक ठाण उलगडून पाहते, पोत चाचपते आणि भाव पटला नाही तर शेजारच्या दुकानाची पायरी चढते. भर पावसात रात्री रस्त्यावर उभ्या असलेल्या उतारूला ही सवड नसते. समोर आलेला गाडीवान त्याला पुन्हा भेटण्याचा संभव थोडा. म्हणून नावलौकिक जपण्याची जी ओढ पेठेतील दुकानदाराला असते, ती येथे फारशी उपयोगी पडत नाही. गाडीवानालाही समोरचा उतारू पैसे देईलच अशी शाश्वती नसते. दोन अनोळखी माणसांमधील या घाईच्या सौद्यात माप कोणा तिसऱ्याला धरावे लागते. ते कोणी धरावे, हा प्रश्न फार जुना आहे, आणि मोबाइल फोनवरून गाडी बोलावण्याच्या व्यवस्थेत तोच प्रश्न नव्या वेषात पुढे आला आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नद्यांवरील तरींची व्यवस्था नावाध्यक्षाकडे सोपविलेली आहे. ओझे घेतलेल्या माणसाला एक माषक, गाईला किंवा घोड्याला दोन, आणि मोठ्या नदीवर त्याच्या दुप्पट, असे दर तेथे सांगितले आहेत. परंतु ग्रंथकार एवढ्यावर थांबत नाही. नावाडी अपुरे असल्यामुळे, साधने कमी पडल्यामुळे किंवा नाव दुरुस्त न केल्यामुळे ती बुडाली, तर झालेले नुकसान नावाध्यक्षाने भरून द्यावे, असेही तो बजावतो. त्याच ग्रंथात वजनेमापे दर चार महिन्यांनी तपासून त्यांवर शिक्का मारण्याचा नियम आहे. माप सर्वांना दिसेल असे असावे, आणि जो दर ठरवितो त्याने जबाबदारीही उचलावी, अशी दोन सूत्रे या नियमांतून निघतात. पुढील सारा इतिहास या दोन सूत्रांभोवती फिरतो.

लंडन शहरात १६३४ साली कॅप्टन बेली नावाच्या एका दर्यावर्दी गृहस्थाने स्ट्रँड या रस्त्यावर चार घोडागाड्या भाड्यासाठी उभ्या केल्या. गाडीवानांना त्याने एकसारखा पोशाख दिला आणि कोठवर किती घ्यावयाचे तेही ठरवून दिले. धंदा चालला, तसे इतर गाडीवानही तेथे येऊन उभे राहू लागले. थेम्स नदीवर होड्या वल्हवून पोट भरणाऱ्या नावाड्यांनी मात्र या गाड्यांविरुद्ध आरडाओरड केली. १६३५ साली राजा पहिला चार्ल्स याने रस्त्यांवरील गर्दीचे कारण देऊन गाड्यांवर निर्बंध घातले. १६५४ मध्ये धंदा २०० गाडीवान मालकांपुरता मर्यादित झाला, १६६२ मध्ये परवान्यांची मर्यादा ४०० झाली आणि १६९४ मध्ये ७००. संख्येचे हे बंधन १८३१ च्या कायद्याने उठले. परवाना आणि ठरलेले दर मात्र कायम राहिले. नव्या वाहनाने जुन्यांच्या पोटावर पाय आणावा, जुन्यांनी दाद मागावी आणि सरकारने परवान्याचा तोडगा काढावा, हा क्रम येथेच पहिल्याने स्पष्ट दिसतो.

तरीही अंतर किती झाले, हा तंटा मिटलेला नव्हता. तो मिटविला एका यंत्राने. १८९१ साली जर्मनीत फ्रीडरिख व्हिल्हेल्म गुस्ताव ब्रून याने टॅक्सीमीटर तयार केला, आणि ‘टॅक्सी’ हे नावही या मीटरवरूनच रूढ झाले. १९०७ पासून लंडनच्या मोटार टॅक्सींना मीटर सक्तीचा झाला. या लहानशा पेटीची थोरवी तिच्या चाकांत नाही. ती उतारू आणि चालक या दोघांच्या डोळ्यांसमोर असे. तिचा दर सरकार ठरवी, तिची तपासणी सरकार करी आणि तिच्यावर सरकारी मोहोर असे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत मीटर पाडल्याचा आवाज कानी पडला, की उतारू निर्धास्त बसे. कारण आता माप चालकाच्या हाती नाही आणि आपल्याही नाही, हे त्याला ठाऊक असे.

मीटरने दराचा प्रश्न सुटला, पण गाड्या किती असाव्यात हा प्रश्न राहिला. महामंदीच्या काळात न्यूयॉर्कमध्ये बेकार माणसे मोठ्या संख्येने टॅक्सी चालवू लागली आणि कोणाचेच पोट भरेना. १९३७ साली हास कायद्याने तेथे परवान्यांची संख्या गोठविण्यात आली. त्या वेळी १० डॉलरांना मिळणारा परवाना पुढे खरेदीविक्रीची वस्तू बनला, आणि २०१४ च्या सुमारास त्याची किंमत १० लाख डॉलरांवर गेली. टंचाईचा लाभ चक्र हाती धरणाऱ्याला न होता कागद हाती असणाऱ्याला झाला. कर्ज काढून परवाना घेणाऱ्यांत परदेशांतून आलेले चालक पुष्कळ होते. पुढे परवान्याची किंमत कोसळली, तेव्हा घरादारासह बुडाले ते हेच लोक. २०१८ साली शहरात चालकांच्या आत्महत्या झाल्या. अखेर २०२१ मध्ये चालकांच्या उपोषणानंतर कर्जसवलतीचा करार झाला. नियमन न केल्याने जसे नुकसान होते, तसे एकदा केलेले नियमन पुन्हा न तपासल्यानेही होते, हा त्यातील धडा आहे.

परवान्याची किंमत कोसळण्याचे मोठे कारण म्हणजे मोबाइलवरून गाडी बोलावण्याची नवी पद्धत. २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे उबर आणि २०१० मध्ये मुंबईत ओला या कंपन्या निघाल्या. या पद्धतीचे गुण नाकारता येणार नाहीत. गाडी दारी येते, चालकाचे नाव आधी कळते आणि ‘तिकडे येणार नाही’ हे उत्तर उभ्या उभ्या ऐकावे लागत नाही. मागणी वाढली की दर वाढतो, त्यामुळे आणखी चालक बाहेर पडतात आणि ज्यांना घाई नाही ते थांबतात. हे अर्थशास्त्राला धरूनच आहे. परंतु या बाजाराचा आणखी एक स्वभाव आहे. जेथे गाड्या अधिक तेथे उतारू जातात, आणि जेथे उतारू अधिक तेथे गाड्या जातात. त्यामुळे अखेरीस दोनतीनच कंपन्या टिकतात, आणि मापही त्यांच्याच हाती राहते.

हे माप किती बदलले आहे, ते २०१५ सालच्या लंडनमधील एका निवाड्याने उघड केले. टॅक्सी वगळता भाड्याच्या इतर गाड्यांत मीटर बसविण्यास तेथे कायद्याने मनाई आहे. चालकाजवळचा फोन हाही मीटरच होय, असे टॅक्सीवाल्यांचे म्हणणे होते. उच्च न्यायालयाने ते मानले नाही. कारण भाड्याचा हिशेब फोनमध्ये न होता दूरच्या संगणकावर होतो, आणि फोन केवळ माहिती पाठवितो व उत्तर घेतो. कायद्याच्या शब्दांना धरून हा निर्णय योग्यच होता. पण त्यातून निघणारे सत्य विचारात पाडणारे आहे. मीटर गाडीतून उठून मध्यस्थाच्या घरी गेला आहे. त्याच्यावर मोहोर नाही. उतारूने दिलेली रक्कम आणि चालकाच्या पदरी पडलेली रक्कम यांचे नाते दोघांनाही सहजी कळत नाही.

दुसऱ्या सूत्राचा उच्चार ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी केला. चालक हे स्वतंत्र व्यावसायिक आहेत आणि आपण केवळ गाठ घालून देतो, असे कंपनी म्हणत होती. न्यायालयाने पाहिले की भाडे कंपनी ठरविते, कराराच्या अटी ती घालते, आणि काम नाकारणाऱ्यावर व उतारूंनी दिलेल्या गुणांवर तिची नजर असते. म्हणून चालक हे कामगार ठरले, आणि किमान वेतन व पगारी रजा यांवर त्यांचा हक्क मान्य झाला.

भारतात २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अशा मध्यस्थांना प्रथमच ‘ॲग्रिगेटर’ म्हणून स्थान मिळाले. २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वाढीव दराला मूळ भाड्याच्या दीडपटीची मर्यादा घातली, आपल्या मालकीची गाडी चालविणाऱ्याला भाड्याचा किमान ८० टक्के वाटा द्यावा असे सांगितले, आणि भाड्याचा हिशेब करणाऱ्या संगणकीय पद्धतीचे कार्य लोकांपुढे मांडण्याची अपेक्षा ठेवली. २०२५ मध्ये दीडपटीची मर्यादा दुप्पट झाली. सामाजिक सुरक्षा संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम अशा कामगारांच्या सुरक्षेसाठी द्यावी अशी तरतूद केली आहे.

दराची कमाल मर्यादा बांधणे तुलनेने सोपे आहे. माप उघडे करणे कठीण आहे. संगणकातील हिशेब हे आपले व्यापारी गुपित आहे, असे कंपन्या म्हणतील, आणि त्यात काही तथ्यही आहे. परंतु वाण्याचा तराजू ही त्याच्या मालकीची वस्तू असली, तरी तो तपासण्याचा अधिकार कोणत्याही शहाण्या राज्याने सोडलेला नाही. लंडनने परवाना दिला, जर्मनीने मीटर दिला, न्यूयॉर्कने गोठविलेल्या परवान्यांचा धोका दाखविला. जे माप उतारू, चालक आणि सरकार या तिघांनाही वाचता येईल, ते अजून घडावयाचे आहे. ते घडेपर्यंत गाडी वेळेवर दारी येईल. पण भाडे रास्त होते की नाही, हे मागे बसलेल्याला कळणार नाही आणि पुढे बसलेल्यालाही नाही.