विजयदुर्गचा धुळपांचा वाडा

आमचे कारंजे समुद्रापासून फार दूर. वर्गात भरती-ओहोटी शिकविताना मी फळ्यावर आकृती काढीत असे. परंतु प्रत्यक्ष समुद्र पाहिला तो सेवानिवृत्तीनंतरच. त्या प्रवासात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग पाहिला. तेथे किल्ल्याइतकाच मनात भरला तो गावातील धुळपांचा वाडा. एका दर्यावर्दी घराण्याच्या या वास्तूची हकीकत ज्ञातिबांधवांपुढे ठेवावीशी वाटते.

धुळप हे मूळचे जावळीचे मोरे, म्हणजे डोंगरी मुलखातले. काळाच्या ओघात त्यांनी समुद्र आपलासा केला. इ. स. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन व क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांपासून विजयदुर्ग घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तहान्वये बाणकोटच्या बदल्यात तो पेशव्यांना मिळाला, आणि पुढे पेशव्यांच्या आरमाराची सुभेदारी आनंदराव धुळपांकडे आली.

आनंदरावांचा मोठा पराक्रम ८ एप्रिल १७८३ रोजीचा. मुंबईहून मलबारकडे निघालेले कंपनी सरकारचे 'रेंजर' जहाज त्यांनी भर समुद्रात गाठले. त्यावर सेनापती मॅक्लिऑड व इतर बडे अधिकारी होते. निकराची लढाई झाली. मेजर शॉ ठार झाला, कर्नल हंबर्स्टन जखमांनी पुढे मरण पावला आणि जहाज पाडाव करून विजयदुर्गास आणले गेले. वस्तुतः सालबाईचा तह १७८२ सालीच झाला होता. त्यामुळे जहाज परत करावे लागले. शौर्य झाले, पण ते तहानंतरचे ठरले.

गावाजवळ वाघोटण खाडीच्या काठी, गिर्ये येथे, सुमारे ३५५ फूट लांबीची आरमारी गोदी आहे. तेथे जहाजे बांधली व दुरुस्त केली जात. १८१८ साली किल्ला इंग्रजांकडे गेला. आरमार संपले, गोदी ओस पडली. वाडा मात्र राहिला. त्याच्या भिंतींवरील जुनी चित्रे पाहताना, या उंबरठ्यावरून किती जण लढाईस गेले असतील, हाच विचार मनात येत होता.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत विजयदुर्गही आहे. किल्ल्याची काळजी वाहण्यास सरकार आहे. घर मात्र घरच्यांनीच जपावे लागते. कौले उतरवून पुन्हा शाकारणे, वाळवी लागलेला वासा बदलणे, ही कामे पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी निमूटपणे केली, म्हणून वाडे उभे राहतात.

येथे माझा अपराध कबूल केला पाहिजे. आमच्या जुन्या घराची माडी उतरविली तेव्हा एक पेटीभर मोडी कागद निघाले. मला मोडी वाचता येत नव्हती, आणि विचारण्याची तसदी मी घेतली नाही. तो सारा गठ्ठा रद्दीत गेला. आयुष्यभर इतिहास शिकविणाऱ्याने स्वतःच्या घरचा इतिहास वजनावर विकला!

कारंजे हे लहान गाव नव्हे. शिवाजी महाराजांनी १६७० साली स्वारी करावी इतकी येथील बाजारपेठ संपन्न होती. आपल्या माळ्यांवर, देवघरांतून आजही कागद असतील. बांधवहो, ते बाहेर टाकण्यापूर्वी मोडी जाणणाऱ्यास एकदा दाखवावे, इतकीच या वृद्ध शिक्षकाची विनंती.