भयकथेचा समीक्षक कोण?



स्मृतिव्याख्यानासाठी भयकथेसारखा विषय घेतलेला पाहून काहींना नवल वाटले असेल. शाळेच्या व्यासपीठावर भुताखेतांचे काय काम, असेही कोणी मनात म्हटले असेल. पण जी पुस्तके वाचनालयात हाताळून हाताळून खिळखिळी होतात आणि वाङ्मयेतिहासात ज्यांच्या वाट्याला जेमतेम एखादा परिच्छेद येतो, त्यांचा विचार मराठीच्या अध्यापकाने करावयाचा नाही तर कोणी करावयाचा? माझा प्रश्न मर्यादित आहे. भयकथा, गूढकथा, विज्ञानकथा यांची पारख मराठीत कोणी केली? माझ्या मते ती बहुतांशी त्या लिहिणाऱ्यांनीच केली. समीक्षकांना लागणारी साधने मात्र आपल्या या बडोद्यातच सिद्ध होऊन पडली होती, आणि तिकडे फारसे कोणी वळले नाही.

प्रारंभ १८६८ पासून करू. त्या वर्षी नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ निघाली. सात वर्षे आधी आलेल्या हळब्यांच्या ‘मुक्तामाले’ने वाचकाला कल्पितकथेची गोडी लावून ठेवली होतीच. रिसबुडांनी प्रस्तावनेत आपल्या लेखनाचे समर्थन केले आहे. त्याचा आशय असा की, विवाहाच्या रूढी आणि इतर कारणांमुळे आपल्या हिंदू लोकांच्या आयुष्यात चित्तवेधक दुर्गुणही नाहीत आणि सद्गुणही नाहीत. रोजचे अनुभव लिहावे तर त्यांत मन रमणार नाही. म्हणून मनोरंजक पुस्तक लिहू पाहणाऱ्याला अद्भुताचा आश्रय करणे भाग पडते. हे वाचून हसू येते, पण हसून सोडून देण्याजोगे ते नाही. जेथे मुलामुलींची लग्ने पाळण्यातून उतरताच लागत, तेथे प्रीतीची कथा घडावी कोठे? लेखकाने आपल्याच वाङ्मयप्रकाराची केलेली ही मराठीतील आरंभीची चिकित्सा होय, आणि ती समाजाच्या मर्मावर बोट ठेवते.

तिला खरे उत्तर दिले ते हरिभाऊ आपट्यांनी. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली, आणि ज्या विवाहरूढीमुळे कादंबरी लिहिता येत नाही अशी रिसबुडांची तक्रार होती, तीच रूढी कादंबरीचा विषय झाली. मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने ही भाग्याची गोष्ट. पण त्यातून एक अनिष्ट समजूत रूढ झाली. वास्तव तेवढे प्रौढ आणि अद्भुत म्हणजे पोरकट, असा निवाडा जणू कायमचा होऊन गेला. पुढे सिंहगडावरील अपघाताने पंगू झालेल्या नाथमाधवांनी अंथरुणाला खिळून ‘वीरधवल’सारखी पुस्तके लिहिली. वाचकांनी ती डोक्यावर घेतली. समीक्षेने वाचकांची ही आवड कधी मनावर घेतली नाही.

आता बडोद्याकडे येतो. १९२१ मध्ये येथे भरलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून नरसिंह चिंतामण केळकर यांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी तद्रूप होतो, परंतु आपले स्वतःचे भान सर्वस्वी गमावत नाही. या दुहेरी अवस्थेत वाङ्मयानंद आहे, असे त्यांचे प्रतिपादन. या उपपत्तीवर पुढे पुष्कळ खल झाला. माझे म्हणणे एवढेच की, तिचा सर्वांत सरळ पडताळा भयकथेत येतो. ओसाड वाड्याच्या जिन्यावर कथानायकाबरोबर आपणही पाऊल टाकतो, आपला श्वास अडतो, आणि त्याच वेळी उशाशी कंदील जळतो आहे, शेजारच्या खोलीत आई झोपली आहे, हेही आपल्याला ठाऊक असते. तद्रूपता नसेल तर भय नाही. भान नसेल तर आनंद नाही. केळकरांच्या मनात ही उदाहरणे होती असे मी म्हणत नाही. विनोदी वाङ्मयाची त्यांना अधिक ओढ होती. पण हत्यार त्यांनी घडवले होते.

पाचच वर्षांनी, १९२६ मध्ये, गायकवाड ओरिएंटल सिरीजमधून अभिनवगुप्ताच्या टीकेसह भरताच्या नाट्यशास्त्राचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. रामकृष्ण कवी हे त्याचे संपादक. सयाजीराव महाराजांच्या विद्याप्रेमाची अनेक स्मारके या नगरात आहेत, त्यांत या ग्रंथाचे स्थान मला फार वरचे वाटते. त्यातला भयानक रसाचा भाग उघडून पाहावा. विकृत आवाज, भुताचे दर्शन, कोल्ह्यांची आणि घुबडांची भीती, निर्मनुष्य घर, अरण्य, अशी भयाची कारणे भरत देतो. आजच्या भयपटाचे सारे साहित्य येथे एका दमात सांगून झाले आहे! पण खरी मौज पुढे आहे. भरत भयानकाचे तीन प्रकार करतो: बतावणीचे भय, अपराधातून उपजलेले भय, आणि धाक दाखविल्याने उत्पन्न होणारे भय. तो बीभत्स आणि भयानक यांना वेगळे ठेवतो, आणि तरीही बीभत्सातून भयानक उद्भवतो असे सांगतो. अभिनवगुप्ताला रसास्वाद म्हणजे काय हे समजावून द्यायचे असते तेव्हा तो जे उदाहरण पुढे करतो, ते दुष्यंताच्या बाणापुढे धावणाऱ्या हरिणाचे आहे. ते भय ना हरिणाचे राहते, ना प्रेक्षकाचे. देशकालाच्या पलीकडचे भय तेवढे उरते. म्हणजे ज्या रसाला आपण वाङ्मयाच्या ओसरीवर बसवले, त्याच्याच आधाराने हा आचार्य रससिद्धान्त उलगडत होता.

पाश्चात्त्य देशांत ही चिकित्सा स्वतः भयकथाकारांनी केली. अमेरिकेत लव्हक्राफ्ट याने १९२७ मध्ये अलौकिक भयाच्या वाङ्मयावर दीर्घ निबंध लिहिला. स्टीफन किंग याने १९८१ मध्ये ‘डान्स मकाब्र’ या पुस्तकात भयकथेच्या परिणामाच्या तीन पायऱ्या केल्या आणि केवळ किळस आणणे ही सर्वांत खालची मानली. भरताने जुगुप्सा आणि भय यांच्यात आखलेली रेषा येथे आठवल्यावाचून राहत नाही.

मराठीत हे काम वेगळ्या मार्गाने झाले. नारायण धारप (१९२५–२००८) यांची समीक्षा त्यांच्या रूपांतरांत शोधावी लागते. रूपांतर हे परीक्षणच असते, कारण काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ठरविल्यावाचून ते होत नाही. किंगच्या ‘सालेम्स लॉट’वरून त्यांनी ‘लुचाई’ लिहिली. रक्तपिपासू उमराव आणि त्याला रोखणारा क्रूस हे ख्रिस्ती समाजाच्या श्रद्धेत रुजलेले. आपल्याकडे मुंजा, हडळ, वेताळ, ब्रह्मसमंध, प्रत्येकाचे झाड वेगळे आणि उतारा वेगळा. तेव्हा नुसती नावे बदलून भागत नाही. वाचकाच्या मनात आधीपासून असलेली भीती हेरावी लागते. किंगच्या ‘इट’ या कादंबरीचे नाव त्यातील अनामिक अरिष्टावरून आहे. धारपांनी तिच्यावरून लिहिलेल्या कादंबरीला ‘शपथ’ हे नाव दिले. मुलांनी एकमेकांना दिलेले वचन हा कथेचा गाभा आहे, राक्षस नव्हे, असा स्वच्छ अभिप्राय या एका शब्दात आहे. कित्येक पानांच्या परीक्षणातही एवढे नेमके सापडत नाही. मात्र या ऋणाचा हिशेब वाचकापुढे नेहमी स्पष्टपणे मांडला गेला नाही, हेही म्हटले पाहिजे. समीक्षक जागे असते तर त्यांनी तो मागितला असता, आणि त्यामुळे धारपांचे स्वतःचे काय, तेही उजळून निघाले असते. समर्थांसारखी व्यक्तिरेखा उभी करून दुष्ट शक्तीसमोर साधनेचे बळ ठेवणारा हा लेखक उसनवारीवर जगत नव्हता.

रत्नाकर मतकरींनी (१९३८–२०२०) ‘गूढकथा’ हा शब्द रुळवला, आणि तो सहेतुक होता. त्यांच्या कथेत तारणारे समर्थ नाहीत. चाळीत, सदनिकेत राहणाऱ्या साध्यासुध्या माणसाच्या मनातूनच काळोख वर येतो. भरताच्या भाषेत बोलायचे तर हा अपराधजन्य भयानक. धारप आणि मतकरी यांना ‘भुताच्या गोष्टी लिहिणारे’ म्हणून एका दावणीला बांधणाऱ्यांनी हा भेद ध्यानी घेतला नाही.

विज्ञानकथेचा प्रवास तुलनेने सुखाचा झाला. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने आली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून जयंत विष्णू नारळीकरांनी हे नाव घेतले होते, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. कथा मोठ्या नावाच्या आधारावाचून पारखली जावी, ही त्यामागची सचोटी. १९७५ च्या कऱ्हाड संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या नव्या लेखनाची प्रशंसा केली, आणि २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले. प्रकृतीमुळे त्यांना तेथे जाता मात्र आले नाही. २०२५ मध्ये ते निवर्तले.

नारळीकरांनी विज्ञानकथेसाठी कसोटी सांगितली: कथेचा कणा विज्ञानाचा हवा, विज्ञानाचा मुलामा दिलेली भयकथा ती नव्हे. त्यांचे गुरू फ्रेड हॉईल स्वतः खगोलशास्त्रज्ञ असून विज्ञानकादंबऱ्या लिहीत, तेव्हा ही शिस्त त्यांच्याकडे परंपरेने आली असे म्हणता येईल. कसोटी चोख आहे. पण ती विज्ञानकथाकाराची आहे. तिने मापू गेल्यास धारपांचे समर्थ दारातच अडतात. रिसबुडांची कसोटी लावली तर रंजन झाले की सारे माफ. लेखक आपल्या प्रकाराचा मर्मज्ञ असतो, पण कुंपण तो आपल्या शेताभोवती घालतो. त्याच्या साक्षीला मोल आहे. निवाडा मात्र तिऱ्हाइताने करावा लागतो, आणि तो तिऱ्हाईत आपल्या विद्यापीठांतून फारसा निघाला नाही. त्यात आम्ही अध्यापकही आलो.

याचे परिणाम आजही दिसतात. २०१८ मध्ये ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट आला, २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित होऊन त्याने तरुण प्रेक्षकांना ओढून आणले. त्याचे शीर्षक श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, आणि त्यातील म्हातारीच्या कल्पनेचे मूळ धारपांच्या ‘आजी’ या कथेत. त्या कथेचे मूळ पुन्हा किंगच्या ‘ग्रॅमा’त. अमेरिकेतील एका घरातली आजी मराठी कथेत येते आणि तेथून कोकणातल्या पडक्या वाड्यात जाऊन बसते. या प्रवासात तिच्या भयाचे रूप कसे पालटले, धारपांनी तिला काय दिले आणि चित्रपटाने काय घेतले, हे तिन्ही कृती शेजारी ठेवून कोणीतरी सविस्तर लिहावयास हवे. समोर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी मराठी घेऊन एम. ए. करणारे कोणी असेल, तर प्रबंधिकेला हा विषय पुरेसा आहे. आणि नाट्यशास्त्राचा तो खंड मिळविण्यासाठी त्याला बडोद्याबाहेर जावे लागणार नाही.