वक्षस्थळापासून मनगटापर्यंत : पाश्चात्त्य विवाहातील वधूसखीच्या पुष्पालंकाराचा इतिहास

प्रस्तावना :
विवाहसंस्थेचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणे वधू, वर, धर्मविधी, स्त्रीधन आणि वारसाहक्क यांकडे जाते. वधूच्या शेजारी उभ्या असलेल्या स्त्रीची दखल क्वचितच घेतली जाते. इंग्लंड व अमेरिकेतील ख्रिस्ती विवाहात वधूबरोबर चालणाऱ्या बहिणी वा मैत्रिणी, ज्यांना इंग्रजीत ‘ब्राइड्समेड’ म्हणतात, त्यांच्या मनगटावर बांधल्या जाणाऱ्या लहानशा पुष्पगुच्छाचा, म्हणजेच ‘रिस्ट कॉर्साज’चा, प्रस्तुत लेखात विचार केला आहे. विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु हे फूल कोणी निवडले, त्याचे पैसे कोणी दिले आणि ते शरीराच्या कोणत्या भागावर आले, हे प्रश्न विचारू लागलो की वस्त्रोद्योग, फुलांचा व्यापार आणि स्त्रियांमधील परस्परसंबंध यांचा एक दुर्लक्षित इतिहास हाती लागतो.

मराठी वाचकास येथे करवलीची आठवण होणे साहजिक आहे. तथापि करवलीचे स्थान मुख्यतः नात्याने ठरते आणि तिच्या हातातील कऱ्ह्याला विधीत नेमके प्रयोजन असते. ब्राइड्समेडचे स्थान वधूच्या निवडीवर अवलंबून असते. हा भेद लक्षात घेऊन येथे ‘वधूसखी’ ही संज्ञा योजिली आहे.

उगमाच्या दंतकथा :
या प्रथेचा उगम प्राचीन रोममध्ये शोधण्याचा मोह लोकप्रिय लेखनात वारंवार दिसतो. रोमन कायद्यानुसार विवाहास दहा साक्षीदार लागत. दुष्ट शक्तींना खरी वधू ओळखू येऊ नये म्हणून ते वधूसारखाच वेश करीत, असे सांगितले जाते. वस्तुतः दहा साक्षीदारांची अट गायस या रोमन विधिज्ञाने ‘कॉन्फरेआतिओ’ या एका विशिष्ट विवाहप्रकारासंबंधी नोंदविली आहे. ते साक्षीदार होते. वधूचा वेश केलेल्या मैत्रिणी नव्हेत. इतिहासाच्या अध्यापकाने ही कथा वर्गात सांगण्यापूर्वी थोडे थांबावे, असे वाटते.

अधिक भक्कम पुरावा एकोणिसाव्या शतकातला आहे. १० फेब्रुवारी १८४० रोजी राणी व्हिक्टोरियाचा प्रिन्स अल्बर्टशी विवाह झाला. तिच्या झग्याचा लांब घोळ धरण्यासाठी सरदार घराण्यांतील बारा तरुणी होत्या. त्यांच्या पोशाखाचे रेखाटन राणीने स्वतः केले होते. त्या सर्वजणी शुभ्र वस्त्रांत आणि पांढऱ्या गुलाबांनी सजलेल्या होत्या. राणीच्या मस्तकी मात्र संत्र्याच्या फुलांची माळ होती. गुलाब सख्यांना आणि संत्र्याचे फूल वधूला, ही वाटणी सहज झालेली दिसत नाही. सख्यांनी सुंदर दिसावे, पण त्यांची वधूशी गल्लत होऊ नये, हे सूत्र या विवाहात स्पष्टपणे आढळते. समारंभानंतर प्रत्येकीस गरुडाच्या आकाराचे, पिरोजा जडविलेले पदक भेट मिळाले. वेश, फूल आणि भेट या तिन्ही गोष्टींत निर्णय राजघराण्याचा होता.

‘कॉर्साज’ या शब्दाचा प्रवास :
‘कॉर्साज’ हा फ्रेंच शब्द मुळात फुलाचे नावच नव्हे. झग्याचा वक्षस्थळाकडील घट्ट भाग, म्हणजे चोळीवजा भाग, असा त्याचा अर्थ होता. त्यावर टाचल्या जाणाऱ्या गुच्छास फ्रेंचमध्ये ‘बुके द कॉर्साज’ म्हणत. इंग्रजीने ही संज्ञा घेताना तिचा पहिला शब्द गाळला आणि वस्त्राचे नाव फुलास चिकटले. त्यामुळे आज ‘मनगटावरील कॉर्साज’ म्हणताना शब्दशः ‘मनगटावरील चोळी’ असे काहीसे विचित्र रूप सिद्ध होते!

वक्षावर टाचलेले फूल ही त्या काळी साधी बाब नव्हती. मार्सेल प्रूस्तच्या महाकादंबरीच्या १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात ओदेत ही नायिका चोळीवर कॅटलिया जातीची ऑर्किड-फुले खोवते. घोडागाडीतील धक्क्याने विस्कटलेली ती फुले सावरण्याच्या निमित्ताने स्वान तिच्या निकट येतो आणि पुढे त्या फुलाचे नाव हाच त्या दोघांमधील प्रणयाचा सांकेतिक शब्द बनतो. पुष्पालंकाराचे शरीरावरील स्थान किती अर्थपूर्ण असते, हे दाखविण्यास यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण. अमेरिकेत पुढे शालेय नृत्यसमारंभांत तरुणाने तरुणीस कॉर्साज देण्याची रीत रूढ झाली, तेव्हा ते टाचायचे कोणी आणि कसे, हा संकोचाचा प्रश्न होऊन बसला. मनगटाने तो बऱ्याच अंशी सोडविला.

परंतु केवळ संकोचाने फूल खाली उतरले नाही. कापड हे त्याहून ठोस कारण होते. एकोणिसाव्या शतकातील चोळीस अस्तर असे, ताठपणा असे; जड गुच्छाचा भार ती सहज पेलत असे. विसाव्या शतकात झिरझिरीत, अंगासरशी बसणारी वस्त्रे आली. त्यांवर टाचणी लावली की छिद्र पडे, गुच्छाच्या वजनाने कापड ओघळे. १९३० च्या दशकात खांद्यावर पट्टीच नसलेले संध्याकाळचे झगे दिसू लागले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते सर्वत्र पसरले. ज्या वस्त्राला खांदाच नाही त्याच्या खांद्यावर फूल कोठे लावणार? लवचीक पट्टीवर बसविलेला गुच्छ मनगटावर चढविणे हा त्यावरील व्यवहार्य उपाय ठरला. युद्धकाळात अमेरिकेत फुलांऐवजी युद्धबचतीची तिकिटे गुंफून केलेले कॉर्साजही विकले गेले. देशभक्तीलाही अलंकाराचे रूप देता येते, याचा तो नमुना होय.

वधूसखीच्या बाबतीत आणखी एक कारण संभवते. विधीच्या वेळी वधूचा गुच्छ सांभाळणे, झग्याचा घोळ नीट करणे ही कामे तिची असतात. हातात स्वतःचा गुच्छ असेल तर हात अडकतात. मनगटावरील फुलाने ते मोकळे राहतात. अलंकार कामाच्या आड येऊ नये, ही गरज पुष्पालंकाराच्या इतिहासात पुरेशी नोंदली गेलेली नाही.

येथे थोडे विषयांतर क्षम्य मानावे. आपल्याकडे विवाहात वधूवरांच्या मनगटी हळकुंडाचे कंकण बांधले जाते. मनगटाला गुंडाळलेला मोगऱ्याचा गजरा मात्र करवलीची नव्हे, तर लावणीच्या बैठकीतील रंगेल रसिकाची आठवण करून देतो. एकच अवयव, एकच फूल. पण संस्कृतिपरत्वे अर्थ अगदी वेगळा.

निवड वधूची, खर्च सखीचा :
एमिली पोस्ट या अमेरिकन लेखिकेचा शिष्टाचारावरील ग्रंथ १९२२ साली प्रसिद्ध झाला. त्यातील वधूसखीविषयक नियम मुळातून वाचण्यासारखे आहेत. सख्यांचे झगे, पादत्राणे, मोजे, हातमोजे, टोप्या आणि पुष्पगुच्छ या सर्वांची निवड वधू करते; सख्यांची आवड तिने विचारात घेण्याचे, किंबहुना त्यांना विचारण्याचेही, कारण नाही, असे पोस्टबाई निःसंकोचपणे नमूद करतात. गुच्छाऐवजी हाती दिल्या जाणाऱ्या छत्र्या वा पंखे वधू भेट देत असे. अंगावर ल्यायच्या बाकी प्रत्येक वस्तूचे मूल्य मात्र जी ती परिधान करते तिनेच द्यावयाचे.

हा नियम सौम्य शब्दांत सांगितला असला, तरी त्यातील सत्तासंबंध लपत नाही. पुरुषप्रधान समाजात ज्या एका दिवशी स्त्रीला निर्णयाचा अधिकार मिळतो, त्या दिवशी तो अधिकार प्रामुख्याने दुसऱ्या स्त्रियांच्या शरीरावर आणि पैशावर चालतो. श्रीमंत घरातील मैत्रिणीस त्याची झळ लागत नसे. नोकरी करून पोट भरणाऱ्या तरुणीस मैत्रीचे मूल्य रोखीत मोजावे लागे. अमेरिकेत आजही झग्याचा खर्च वधूसखीने उचलावा, हा प्रघात बहुतांशी टिकून आहे. फुलांचा खर्च मात्र सामान्यतः वधूचे कुटुंब किंवा वधूवर करतात. म्हणजे सखीच्या अंगावरील वस्तूंपैकी फूल हीच प्रायः दिलेली वस्तू असते, आणि तीच काही तासांत कोमेजते.

फुलामागचा बाजार :
देठ तोडून तारेवर चढविलेल्या फुलास पाणी मिळत नाही. म्हणून कॉर्साजची निवड सौंदर्याइतकीच टिकाऊपणाने ठरते. गार्डेनियाचा सुगंध मोहक, पण बोट लागले की पाकळी तपकिरी पडते. ऑर्किड दीर्घकाळ ताजे राहते. म्हणूनच १९३० ते १९५० च्या दशकांत कॅटलिया हे अमेरिकन कॉर्साजचे मानाचे फूल होते. ते महागही होते. फ्रान्समधील जॉर्ज मोरेल यांनी १९६० साली ऊतिसंवर्धनाने ऑर्किडची रोपे वाढविण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि चैनीचे हे फूल हळूहळू सामान्यांच्या आवाक्यात आले. पुढे थायलंडमधील लहान आकाराच्या डेंड्रोबियम ऑर्किडांनी बाजारपेठ व्यापली. मनगटाच्या मापाला ती अधिक सोयीची होती.

गुलाबाची कथा निराळी. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कोलंबियातील बोगोताच्या पठारावर निर्यातीसाठी पुष्पशेती उभी राहिली. १९९१ च्या अँडियन व्यापार सवलत कायद्याने अमेरिकेने तेथील मालास शुल्कमुक्त प्रवेश दिला आणि अमेरिकन उत्पादकांची पीछेहाट झाली. या हरितगृहांतील कामगारांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे आहे. आपल्याकडे मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाडे परिसरातील पुष्पोद्यानातून, फेब्रुवारीत गुलाब परदेशी जातात. तेथेही फुले खुडण्याचे आणि प्रतवारीचे काम बहुतांशी स्त्रियाच करतात. वधू रंग निवडते, सखी ते फूल मनगटावर मिरवते. ज्या तिसऱ्या स्त्रीच्या हातून ते खुडले गेले तिची नोंद विवाहाच्या छायाचित्रसंग्रहात नसते, आणि विवाहाच्या इतिहासग्रंथांतही अद्याप फारशी आढळत नाही.