एकोणीस कामगारांचा कारखाना

प्राध्यापक आडारकरांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा सरकारपुढे ठेवला. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आकारास आला. पहिली पाच वर्षे महामंडळाच्या कारभारखर्चाचा दोन-तृतीयांश भाग केंद्राने द्यावयाचा होता. औषधोपचारातही राज्यांचा वाटा होता. १९५८ मध्ये योजना बंगळूरला आली. परंतु कायद्याचा उंबरठा वीस कामगारांचा, तोही यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरता! जुन्या पेठेतील मागाच्या खोलीत एकोणीस माणसे राबत असली, तर त्यांच्यासाठी मालकाचा हप्ता नाही आणि सरकारचा पैसाही नाही. निकड तर तेथेच अधिक. राज्यांना लहान कारखाने सामील करून घेण्याची मुभा होती खरी. कायद्यात मात्र दहाचा आकडा आला तो १९८९ च्या दुरुस्तीने. नऊ कामगारांची कार्यशाळा तेव्हाही बाहेरच राहिली.