उरलेल्या डब्याची हकीकत

घरी पाहुणे येऊन गेले, खीर-आइस्क्रीमचा बेत पार पडला, की दोन दिवसांनी फडताळाच्या कोपऱ्यात एक वस्तू हमखास सापडते. अर्धा उरलेला कंडेन्स्ड मिल्कचा डबा. झाकणाचा पत्रा वर वाकवलेला, कडेला पिवळसर घट्ट थर, आणि त्या थराच्या दिशेने निघालेली मुंग्यांची रांग. टाकवत नाही, आणि संपवायचे कसे तेही सुचत नाही. अशा वेळी घरातले कुणी वडीलधारे माणूस सहज बोलून जाते, "अगं, पाण्यात कालवून बाळाला पाज की. दूधच आहे ना ते?"

ह्या एका वाक्यासाठी मी आजचा विषय घेतला आहे. ते दूध आहे का, आणि ते बाळासाठी आहे का, ह्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे इतिहासात सापडतात. ती जरा चमत्कारिक आहेत.

दूध आटवणे आपल्याला नवे नाही. बासुंदी, रबडी, खवा हे सगळे त्याचेच प्रकार. पण बासुंदी दोन दिवस टिकली तर नशीब. महिनोन् महिने टिकणारे आटीव दूध डब्यात भरून विकण्याचा धंदा उभा केला तो अमेरिकेतल्या गेल बॉर्डन नावाच्या गृहस्थाने. हा माणूस मोठा खटपट्या. जमिनीची मोजणी केली, टेक्सासमध्ये वर्तमानपत्र चालवले, पुढे मांसाचा अर्क पिठात मिसळून टिकाऊ बिस्किट काढले. त्या बिस्किटाला १८५१ साली लंडनच्या जागतिक प्रदर्शनात पदकही मिळाले. मात्र ते खायला कुणी तयार होईना आणि बॉर्डनचे दिवाळे निघाले. लंडनहून परतताना बोटीवरच्या गाई आजारी पडल्या आणि दुधावाचून तान्ही मुले दगावली, ते पाहून त्याने दुधाचा ध्यास घेतला, अशी गोष्ट सांगतात. गोष्टीत तिखटमीठ किती ते सोडून देऊ. पण शहरातल्या दुधाची त्या वेळची दशा खरोखरच भयंकर होती. न्यूयॉर्कमध्ये दारूच्या भट्ट्यांना लागून गोठे असत. भट्टीतला उरलेला चोथा गाईंना घालीत, आणि ते निळसर, पातळ दूध पांढरे दिसावे म्हणून त्यात खडू मिसळीत. १८५८ साली एका सचित्र साप्ताहिकाने हे प्रकरण चव्हाट्यावर आणले तेव्हा शहर हादरले.

बॉर्डनची अडचण अशी की उघड्या कढईत आटवलेले दूध करपे, तांबूस होई. शेकर नावाच्या एका धर्मपंथाच्या वस्तीत त्याने हवा काढून घेतलेली बंद कढई पाहिली. हवेचा दाब कमी झाला की द्रव कमी उष्णतेवर उकळतो. बासुंदी उकळते शंभर अंशांच्या आसपास. ह्या कढईत दूध पन्नास-साठ अंशांवरच उकळून आटते, म्हणून त्याचा रंग आणि चव फारशी बिघडत नाही. १८५६ च्या ऑगस्टमध्ये त्याला पेटंट मिळाले. पहिले कारखाने बुडाले. पुढे आगगाडीत भेटलेल्या एका भांडवलदाराने पैसा घातला, आणि १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या सैन्याला न नासणारे दूध हवे होते. त्याने मागणी नोंदवली आणि बॉर्डनचे नशीब उघडले. युद्ध संपल्यावर घरी गेलेल्या शिपायांनी ह्या दुधाची चव घरोघर नेली.

ते टिकते कशाने? साखरेने. डब्यातल्या ऐवजात सुमारे चाळीस ते पंचेचाळीस टक्के वरून घातलेली साखर असते. राहिलेले थोडेसे पाणी ती साखर असे धरून ठेवते की जंतूंच्या वाट्याला काही येत नाही. मोरावळा टिकतो तेच हे तत्त्व. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे : ते दूध आहे खरे, पण दुधाचा मोरावळा आहे.

पेज नावाच्या दोघा अमेरिकन बंधूंनी १८६६ साली स्वित्झर्लंडमधील खाम गावी असाच कारखाना काढला. १९०५ साली तो नेस्लेच्या कंपनीत विलीन झाला. आपल्याकडे बायका ज्याला सरसकट 'मिल्कमेड' म्हणतात, त्याची वंशावळ ही. भारतात १९६१ साली पंजाबातील मोगा येथे कारखाना निघाला. त्याआधी हे डबे बोटीने येत.

आता बाळाचा प्रश्न. जे दूध मुलांच्या नावाने जन्मले, त्याने मुलांचे काय केले? इंग्लंडातल्या गिरणीगावांत मजुरांच्या बायका स्वस्तातले, साय काढून घेतलेल्या दुधाचे डबे आणीत आणि पाण्यात कालवून तान्ह्यांना पाजीत. बाळ गोड म्हणून आवडीने पिई, अंगानेही गुबगुबीत दिसे. पण त्या दुधात स्निग्धांश नाही, 'अ' आणि 'ड' जीवनसत्त्वे नाहीत. मुलांची हाडे वाकत. पुढे हेच डबे वसाहतींत गेले. डॉ. सिसिली विल्यम्स ह्या जमैकात जन्मलेल्या बालरोगतज्ज्ञ. आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, त्यांनी कुपोषणाच्या 'क्वाशिओरकोर' ह्या रोगाचे वर्णन १९३३ साली वैद्यकापुढे ठेवले होते. त्यानंतर त्या मलायात आल्या आणि पाहतात तो आया अंगावरचे पाजणे सोडून डब्याचे गोड दूध पाजताहेत, कारण विक्रेते तेच उत्तम म्हणून सांगत होते. १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबात त्या बोलायला उभ्या राहिल्या. भाषणाचे नाव त्यांनी ठेवले होते 'दूध आणि खून'. समोर शहरातले प्रतिष्ठित व्यापारी बसलेले! जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली बालान्नाच्या विक्रीबाबत संहिता केली; तीत साखर घातलेले आटीव दूध तान्ह्यांना योग्य नाही असे स्वच्छ लिहिले आहे. डबा उघडा पडला असेल, फुकट जात असेल, तरीही तो वाटीतून बाळाच्या तोंडी जाता कामा नये. शिक्षक मित्रांनी पालकसभेत एवढे जरूर सांगावे.

मग ह्या दुधाची खरी जागा कोणती? ती शोधून काढली जगभरच्या बायकांनी, आणि तीही डब्याचे उरलेसुरले संपवता संपवता. ब्राझीलची हकीकत मजेची आहे. १९४५ साली तिथे अध्यक्षपदाची निवडणूक झाली. त्या देशातल्या बायका अध्यक्ष निवडायला पहिल्यांदाच मत देत होत्या. हवाई दलातले ब्रिगेडियर एदुआर्दु गोमिस उभे होते. त्यांच्या बाजूच्या बायकांनी आटीव दूध, कोको आणि लोणी कढईत घोटून गोळ्या वळल्या आणि प्रचारसभांतून विकल्या, असे सांगतात. ब्रिगेडियरसाहेब पडले. गोळी मात्र 'ब्रिगादेरू' ह्या नावाने निवडून आली, आणि आजही त्या देशात तिच्यावाचून वाढदिवस होत नाही. कृती पाहाल तर आपला पेढाच : बुड सोडू लागेपर्यंत घोटायचे, हाताला तूप लावून वळायचे.

अमेरिकेच्या दक्षिण टोकाला की वेस्ट नावाचे बेट आहे. तिथे १९१२ सालापर्यंत आगगाडी नव्हती, ताजे दूध दुर्मीळ. डब्याचे दूध मात्र बोटीने पोचे. तिथे अंड्याचा बलक, डब्यातले दूध आणि बेटावरच्या लहान लिंबांचा रस मिसळून 'की लाइम पाय' करतात. तो पहिल्यांदा कुणी केला ह्यावर तिकडे आजही तंटा आहे. त्यात आपण पडायला नको. आंबटाने दुधातले प्रथिन घट्ट होते आणि विस्तवाशिवायच मिश्रण जमते. वर्गात मुलांना दाखवायला हा सोपा प्रयोग आहे. चमचाभर आटीव दुधात लिंबाचे चार थेंब पिळा आणि ढवळा. पाहता पाहता दाटते.

हे वाचले तेव्हा मला आमच्या घरचा खरवस आठवला. खेड्यात गाय-म्हैस व्याली की शेजारी चीक धाडतात. शहरात तो कुठून आणायचा? आमच्या सौभाग्यवती उरलेले आटीव दूध, साधे दूध आणि आंबट नसलेले घट्ट दही, प्रत्येकी एक वाटी, एकत्र फेटतात, त्यात वेलदोडा-जायफळ घालतात, आणि कुकरमध्ये शिट्टी न लावता वीस-पंचवीस मिनिटे वाफवतात. चिकातली प्रथिने उष्णतेने आपोआप थिजतात. इथे ते काम दह्याची आंबट आणि वाफ मिळून करतात. की वेस्टच्या बाईने लिंबाकडून जे करवून घेतले तेच आमच्याकडे दह्याने केले, आणि दोघींनी एकमेकींचे नावही ऐकलेले नाही. चिकाच्या खरवसाची जाळी ह्याला येत नाही, हे मी कबूल करतो. सौभाग्यवतींना ते मान्य नाही.

दूध अर्धी-पाऊण वाटीच उरले असेल तर दोन वाट्या खवलेल्या नारळात घालून मंद आचेवर परतावे. गोळा कढई सोडू लागला की ताटात थापून वड्या पाडाव्यात. वेगळी साखर लागत नाही. रशियात आणि दक्षिण अमेरिकेत बंद डबाच पाण्यात तासन् तास उकळून दुधाची तांबूस मिठाई करतात. तो खटाटोप आपण करू नये. पाणी आटले तर डबा फुटतो आणि उकळता चिकटा अंगावर येतो.

आणि आज काहीच करायला सवड नसेल, तर निदान दूध डब्यात ठेवू नका. कोरड्या काचेच्या बरणीत ओता, झाकण लावा, फ्रिजमध्ये ठेवा आणि कोरड्याच चमच्याने काढा. पाण्याचा थेंब गेला की साखरेची पकड तेवढ्यापुरती सुटते आणि बुरशी येते. आठवड्याभरात एखादा रविवार येईलच, तेव्हा खरवस लावा.