उजळाईवाडीचे आकाश आणि न्यायासन

छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, 1939 साली, कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीच्या माळावर करवीर संस्थानचा विमानतळ सुरू झाला, तेव्हा हिंदुस्थान सरकारचा विमानविषयक कायदा अवघा पाच वर्षांचा आणि त्याखालील 1937 ची नियमावली दोनच वर्षांची होती. वतनांचे कज्जे आणि इनामांच्या सनदा यांत मुरलेल्या वकीलवर्गाला हे शास्त्र सर्वस्वी नवे होते. परंतु निव्वळ विधिज्ञतेने आकाशातील घटनेचा उलगडा होणार नाही, हे ओळखून अपघाताच्या औपचारिक चौकशीत न्यायासनाशेजारी उड्डाणविद्या, अभियांत्रिकी वा अन्य शास्त्रांचे विशेष ज्ञान असलेले सल्लागार बसविण्याची तजवीज त्या नियमावलीत झाली.

तिची महती 1 जानेवारी 1978 च्या रात्री मुंबईहून दुबईस निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग 747 वांद्र्यापुढे समुद्रात कोसळून 213 जण प्राणास मुकले, तेव्हा कळून आली. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती चांदूरकर यांच्यापुढे चौकशी चालली. किनारा ओलांडताना विमान उजवीकडे किंचित कलले आणि पुन्हा समतल झाले, तरी मुख्य वैमानिकासमोरचे कल दाखविणारे यंत्र उजवा कलच दाखवीत राहिले. त्यावर विश्वासून त्यांनी विमान डावीकडे इतके झुकविले की ते सावरता आले नाही. जमिनीवर बसून हे वाचणाऱ्यास तो निव्वळ निष्काळजीपणा वाटेल. काळोख्या समुद्रावर, जेथे क्षितिजरेषाच नाही, तेथे देहाची जाणीव माणसाला कशी फसविते, हे ज्याने अनुभविले आहे, तो वकील मात्र ‘डावीकडे का वळलात?’ यावर न थांबता, शेजारच्या यंत्रांकडे पाहावयास किती क्षण होते आणि ती कोणी पाहिली, असे विचारील. आणि प्रकरणाचा खरा गाभा तोच होता.

कोल्हापूरचे प्रश्न एवढे दारुण नाहीत, पण जात तीच. विमानतळालगतच्या बांधकामांवर निर्बंध घालण्याचा आणि त्याबद्दल भरपाई देण्याचा अधिकार 1972 साली कायद्यात आला. भरपाईवर एकमत न झाल्यास लवाद, आणि त्याच्या साहाय्यास तज्ज्ञ, पण तो मालमत्तेचा जाणकार, उड्डाणाचा नव्हे. ही उणीव वकिलानेच भरून काढावयाची. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. वैशाखाच्या दुपारी तेथील हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, धाव लांबते आणि चढण मंदावते, म्हणून धावपट्टीच्या टोकापुढील एखादा वाढीव मजलाही वैमानिकाला खटकतो. ज्याने सुकाणूदांडा हाती धरून अशी चढण अनुभविली, त्याला हे न्यायमूर्तींना समजावून सांगण्यास फार शब्द लागत नाहीत. शेतकऱ्याची बाजू लढवितानाही, निर्बंध खरोखर कोठवर आवश्यक आणि कोठून अवास्तव, हे तो नेमके दाखवू शकतो.

ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते. तेथे असा दावा रुजू होईल तेव्हा सातबारा आणि खरेदीखताबरोबर मे महिन्यातील दुपारचे तापमान व धावपट्टीची लांबी हेही दोन आकडे पुराव्यात दाखल व्हावेत, अशी येथील वकीलमंडळींना माझी आग्रहाची विनंती आहे.